जगदेवरावांचे पाय

जगदेवरावांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर ग्वाल्हेरला आले, हे ते येईल त्याला ऐकवायचे. पण दोन हजार साली छत्तीसगड वेगळं झालं, त्यांच्या सरकारी ऑफिसातल्या काहींना रायपूरला धाडणार असं ठरलं, नि या वीराचे पायच गळाले. खरंच हो, मांड्या इतक्या दुखायच्या की जिना चढवेना. मग काय, दुखण्याचं सर्टिफिकेट मिळालं तर बदली टळेल म्हणून स्वारी डॉक्टरांकडे निघाली.

"कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर आणखी काही घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, कुछ नहीं!"

"अहो, खोटं कशाला बोलता?" बायको शालिनीताई म्हणाल्या. "दाना ओली बाजारातून गुग्गुळाची पूड आणून दोन्ही वेळा फाकतात. वर म्हणतात, जडीबुटीच आहे, नुकसान काय करणार!"

"गोळीच्या जोडीला गुग्गुळ, म्हणूनच मांड्या धरल्या असतील. रक्त तपासू, पण पूड आजपासून बंद. पाय बरे झाले तर सर्टिफिकेट कशाचं देऊ?"

जगदेवराव हळूच म्हणाले, "साहेब, बदलीची यादी लागेपर्यंत चालू ठेवली तर?"

शालिनीताईंनी घरी येताच पूड मोरीत ओतली. महिन्याभरात जगदेवराव टोपी बाजारातून रायपूरला न्यायची नवी सुटकेस घेऊन तरातरा चालत आले. पाय ठणठणीत, तोंड तेवढं सुतकी.