वारं पाठीवर घ्या: बेंबळीजवळच्या दारूकामाचे माझे पहिले फोटो

कॅमेरा घेऊन सहा महिने झाले होते आणि त्यात निव्वळ आमची मांजर होती. त्यामुळे ऑफिसातली सुनंदा म्हणाली, "आमच्या गावच्या यात्रेला चल, शोभेचं दारूकाम असतं," तेव्हा मी लगेच रजा टाकली.

तिचं माहेर बेंबळीजवळ. सोलापूर ते धाराशिव एसटी, आम्हा बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे शंभराच्या आत. धाराशिवला उतरलात तर गुलाबजाम खाऊनच पुढं निघा. आम्ही दोनदा खाल्ले. मग बेंबळीची गाडी आणि शेवटी रिक्षा. दारूकाम संपल्यावर परतीची गाडी नसते, तेव्हा मुक्कामाची सोय आधी बघा.

दुपारी येसरची आमटी आणि भाकरी चेपून मैदानात गेलो. दारूकाम करणारे दस्तगीरचाचा तिथं झाड बांधत होते. झाड म्हणजे उंच बांबूला आडव्या फांद्या आणि फांदीफांदीवर चक्रं, भुईनळे. वात दिली की सगळं एकदम फुलतं.

"किती सुंदर दिसत असेल!" मी म्हणाले.

"लोक म्हणत्यात. म्या कुठं बघितलंय? वात द्यायची अन् मुंडी खाली घालून पळायचं. वळून बघावं तर नुसता धूर. चाळीस साल झाले."

"यंदा फोटोत बघाल, चाचा," मी तोऱ्यात म्हणाले. बोलून बसले खरी, पण झाड एकच होतं, आणि ते दोन मिनिटांत विझणार होतं.

"मग वारं पाठीवर घ्या, ताई. समोरनं घेतलं तर धूर खाताल."

मी कसली ऐकतेय! समोरच्या बाजूनं देवळाचं शिखर फोटोत येत होतं, म्हणून तिथंच ट्रायपॉड रोवला. अंधार पडल्यावर पहिले बाण उडाले. कॅमेरा फोकस शोधत घरघरत राहिला, क्लिक होईना. फोकस हातानं बसवला, तोवर सगळा धूर माझ्यावर. पडद्यावर शिखर नाही, बाण नाही, फक्त राखाडी गोधडी.

"आता झाड!" कुणीतरी ओरडलं. शिखर गेलं खड्ड्यात म्हणत मी ट्रायपॉड उचलून ढेकळांतून पळाले आणि वारं पाठीवर घेतलं. ट्रायपॉडचा एक पाय ढेकळात रुतला, तो नीट करायला वेळच नव्हता. शटर चार सेकंद उघडं ठेवलं आणि श्वास रोखला.

आलं! सगळं झाड आलं. मी लहान पोरीसारखी नाचले.

चाचांनी हात पुसून कॅमेरा घेतला. पडदा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "ही डावी फांदी उशिरा पेटलीय." आणि थोड्या वेळानं, "लई ग्वाड दिसतंय की ओ."

घरी येऊन बघते तर फोटो चांगलाच कलंडलेला. सरळ करायला गेले तर वरच्या चक्राची कड कापली जाई, म्हणून तसाच छापून फ्रेम केला आणि सुनंदाच्या हाती चाचांना पाठवला.

ती गावाहून परत आल्यावर विचारलं, "लावला का त्यांनी?"

"लावलाय की, दारासमोरच. फ्रेम तेवढी वाकडी टांगलीय. मी सरळ करायला गेले तर ओरडले. म्हणाले, झाड सरळ दिसाया पाहिजे."