महालक्ष्मीच्या कोठीतले फ्रीझिया

आमच्या महालक्ष्मीच्या पोटात फ्रीझियाचे कंद मी ठेवले होते, आणि तेही पूर्ण विचार करून.

साल एकाहत्तर-बाहत्तर असेल. कुन्नूरला नोकरीत असलेल्या भावाने हे कंद पाठवले. पहिल्याच हिवाळ्यात फुलं आली, आणि काय तो वास! पण तोवर कॉलनीचं पुष्पप्रदर्शन आटोपलं होतं. तिथलं पहिलं बक्षीस दरवर्षी शेजारच्या शांताबाईंची शेवंती न्यायची. (शेवंती! कुंडीत शेणखत टाकलं की कुणाचीही येते.) पुढच्या वर्षी ते बक्षीस मला आणायचंच होतं. प्रश्न एवढाच, की नागपूरचा उन्हाळा आणि त्यामागचा पावसाळा कंदांनी काढायचा कुठे?

मी पद्धतशीरपणे घर तपासलं. माळ्यावर भट्टी, स्वयंपाकघरात उंदीर, वाळ्याच्या ताट्यांजवळ ओल. उरल्या महालक्ष्म्यांच्या पत्र्याच्या कोठ्या. भाद्रपदात या कोठ्यांत गहू भरायचे, वर मुखवटे बसवायचे, लुगडी नेसवायची, की झाल्या देवी उभ्या. बाकी वर्षभर त्या रिकाम्याच. कोरड्या, काळोख्या, झाकणबंद. धाकट्या महालक्ष्मीच्या कोठीत तळाशी कंद मांडले, वर चुलीची राख पसरली. देवी उभ्या करायच्या दिवशी सकाळी काढून घ्यायचे, असं ठरवलं.

नेमकं त्या सकाळी मला नैवेद्याच्या सोळा भाज्या आणायला पाठवलं. ("तुझ्यासारखी खरेदी कोणाले जमते वं!" इति सासूबाई.) सोळावी भाजी मिळेपर्यंत दुपार झाली. घरी येते तो दोघी देवी लुगडी नेसून उभ्या!

"आई, कोठ्या आतून पुसल्या होत्या?"

"मोतीबिंदूवाल्या बाईले आतलं काय दिसते? गहू ओतून मोकळी झाली मी. काहून?"

"सहज."

एकदा उभी केलेली देवी हलवायची नसते. मी यांना माजघरात गाठलं.

"सांगून टाक आईला," हे म्हणाले.

"तुमची आई. तुम्ही सांगा."

"माझी आई आहे म्हणूनच सांगत नाही!"

विसर्जनाच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि सासूबाईंनी धाकटीची कोठी चादरीवर उपडी केली. गहू पडले. राख पडली. मग पावसाळी हवेने हिरवेगार कोंब फुटलेले माझे कंद पडले.

"अवं माय! देवीच्या पोटात कोंब!" शांताबाई किंचाळल्या. "अन् हा अंगारा!"

चिमूट चिमूट करत माझ्या चुलीची राख सगळ्यांच्या कपाळी लागली. माझ्याही! सासूबाईंनी हुकूम सोडला, "सूनबाई, एकेकीच्या ओटीत कोंब घाल. परसाद हाय."

मी माझ्या बक्षिसाने कॉलनीच्या ओट्या भरत सुटले. पण कंद मरूही देववेनात. "कोंब वर ठेवा हं. बोटभर खोल. पाणी बेताचं, ऊन सकाळचं."

"सूनबाईले सारा विधी ठाव हाय, बाप्पा!" शांताबाई म्हणाल्या, आणि नातीच्या नावाने आणखी एक मागून घेतला. घरच्या सुनेचा नंबर शेवटी. तो येईतो चादरीवर फक्त गहू उरले होते.

हिवाळ्यात कॉलनीभर तुळशींशेजारी फ्रीझिया फुलले. प्रदर्शनात पहिलं बक्षीसही फ्रीझियालाच मिळालं. शांताबाईंच्या.

उन्हाळा लागताच त्या सुकलेले कंद पदरात बांधून आल्या. "काकू, हे तुमच्याच कोठीत ठेवा. तिथंच जीव धरतेत."

सासूबाईंनी ते गंभीरपणे कपाळाला लावून घेतले. शांताबाई फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"या खेपेले राख चाळून टाक वं. मागल्या बारीनं कपाळाले कोळसा टोचला माह्या."

मी निमूट उठून चाळणी आणली. आमच्या घरात कुठली वस्तू कुठे ठेवलेली असते, हे फक्त मलाच ठाऊक असतं!