थांब... येतंय

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते, मेट्रोत होते. तिचे यजमान वसंतराव एवढंच म्हणाले, "उषाताई, शैला गेली... आत्ता, सकाळी." मयूर विहारच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर, आणि ही बातमी मला घराबाहेर कळावी, याचाच कितीतरी वेळ राग येत राहिला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ती रविवारी सोसायटीतल्या मराठी मुलांचा वर्ग घ्यायची. दिल्लीत वाढलेली तिसरी-चौथीतली पोरं, मराठीत जरा अडली की हिंदीत उडी मारायची. शैला त्यांना शब्द कधी सांगायचीच नाही. त्याच धातूतून निघालेले दोन-तीन शब्द पुढे ठेवायची, जुन्या काळची एखादी गोष्ट सांगायची आणि गप्प बसायची. मधेच कुणी उत्तर सांगू लागलं की हात वर करायची. "थांब, येतंय त्याला." एकदा थंडीत, माकडटोप्या घातलेली ती पलटण घेऊन आम्ही अशोकाचा शिलालेख बघायला गेलो. लिख् म्हणजे मुळात ओरखडणं, दगडावर ओरखडलं म्हणून तो लेख, असं ती समजावत होती, तर चिन्मयी म्हणाली, "आजी, फिर तो बिल्ली भी लिखती है."

"बिल्कुल. तुझ्या हातावर लिहिलंय की तिने," शैला म्हणाली. परतीच्या वाटेवर मुलं एकमेकांच्या हातांवर नखांनी लिहीत आली, आणि त्यांच्या आयांची बोलणी मात्र मला खावी लागली.

दिवाळीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला आणि शब्द गेले. समजत सगळं होतं, पण साधं 'पाणी' ओठांवर येईना. शब्दांवर जगलेल्या बाईचे हे हाल... मला बघवत नसे. आम्ही मोठी माणसं चहा का, चष्मा का, असं भराभर तिच्या तोंडात घालायचो आणि ती संतापून मान फिरवायची. मग रविवारी मुलं आली. पलंगाभोवती बसून त्यांनी तिच्याच पद्धतीने दोन-तीन शब्द पुढे ठेवले आणि गप्प बसली. पुष्कळ वेळाने शैला म्हणाली, "लेखणी." वसंतराव उठून स्वयंपाकघरात गेले.

शेवटच्या रविवारी चिन्मयीने माझ्याकडे बोट दाखवलं. "आजी, ह्यांचं नाव?" शैला माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांची मैत्रीण मी, आणि माझं नाव तिला सापडत नव्हतं. मला रडू आवरेना. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर चिन्मयीने हात वर केला. "काकू, बताना नहीं." मग शैलाला म्हणाली, "आजी, तूच सांगितलं होतंस ना? खूप जुने लोक पहाटेला देवी मानायचे, तिची गाणी म्हणायचे. तिचं नाव."

शैलाचे ओठ हलले. कष्टाने म्हणाली, "थांब... येतंय." त्या संध्याकाळी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मेट्रोत तो फोन आला.

परवा वसंतरावांकडे बसले होते. बोलता बोलता त्यांनी त्या सकाळचं सांगितलं. उजाडत होतं, शैला जागी होती. खिडकीतल्या उजेडाकडे बोट करायची, मग आमच्या दाराकडे, पुन्हा खिडकीकडे. "मला वाटलं, डोळ्यांवर उजेड येतोय," ते म्हणाले. "पडदा ओढून घेतला. मग शांत पडून राहिली हो... त्रास नाही झाला तिला."

तिला माझं नाव सापडलं होतं. पण वसंतरावांजवळ आता तेवढंच समाधान उरलंय, ते मी कसं काढून घेऊ? तिच्या खोलीतला पडदा त्यांनी अजून तसाच ओढून ठेवलाय.