भेगाबाई, दाढ आणि साहेबांचा कप

घोळ भाच्याने घातला. म्हणजे हे लिहिणाऱ्यानेच; पण गोष्ट मावशीची आहे, तेव्हा लेखकाने भाचा होऊन गपगुमान कोपऱ्यात बसावं हे बरं.

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीची सकाळ. मावशी आरशासमोर केस विंचरत होती आणि भाचा तिच्या मागे फोन नाचवत होता.

"मावशे, बघ तरी. तुझं पान चकाचक केलंय. हजारावर सायटेशन."

दुसऱ्या अभ्यासकाने आपल्या लेखात मावशीच्या लेखाचा दाखला दिला, की तिच्या नावावर एक सायटेशन जमा होतं. विद्वानांची पत हल्ली यावर ठरते. मावशीला त्याचं सोयरसुतक नव्हतं, म्हणून इंटरनेटवरचं ते पान भाच्याने हौसेने भरलं होतं.

कंगवा केसांतच राहिला. "दाढेचा लेख कुठेय?"

"कसली दाढ?"

"आणि डांबराचा? पावाचा?"

"ते तुझे होते?" भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तू भौतिकशास्त्राची. कॉम्प्युटरने विचारलं, हे तुमचेच का? मी म्हटलं, नाही. पावाशी तुझा काय संबंध?"

"तुझे काका काय सोनार आहेत?"

काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, बेकरी होती. भाचा त्याच बेकरीच्या पावावर वाढला होता.

"आणि हा लोहचुंबकाचा कुणाचा?"

"तोच तर तुझा सगळ्यात भारी."

"माझा नाही तो. माझ्याच आडनावाचं, माझ्याच आद्याक्षरांचं दुसरं कुणीतरी असेल. शहाण्या, हेच पान छापून समितीसमोर गेलंय."

मावशीला कॉलेजात सगळे भेगाबाई म्हणत. तडा दिसला की बाई तिथेच उकिडवी बसायची, मग तो भर रस्त्यात का असेना. उन्हाने घराबाहेरचं डांबर उललं, त्यावर लेख. भट्टीतून निघालेल्या पावाचं कवच तडतडलं, त्यावर लेख. दाढ दुखली की माणसं गाल धरून बसतात. हिने उपटलेली दाढ डॉक्टरांकडून मागून घेतली आणि सूज उतरायच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली धरली. हे सगळं चालायचं कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत. पद मिळालं नाही, तर त्या खोलीत व्यायामाच्या चटया ठेवायचं ठरलं होतं. मावशीचा जीव त्या खोलीत होता.

मुलाखतीत अध्यक्ष चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, चुंबकावरचं तुमचं काम फार मोलाचं."

नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मावशी म्हणाली, "तो लेख माझा नाही."

कागदांची चाळवाचाळव झाली. "मग उरतं काय?"

"दाढ, डांबर आणि पाव. ते यादीत नाहीत, पण माझे आहेत."

"जेवणाचा बेत दिसतोय," टोकाला बसलेले एक सदस्य म्हणाले. हशा पिकला.

मावशीही हसली. मग तिची नजर टेबलावर गेली आणि ती मुलाखतच विसरली. "साहेब, तुमचा कप बघू जरा?"

अध्यक्षांनी उरलेला चहा घाईने संपवून कप पुढे केला. आतल्या झिलईवर बारीक भेगांचं जाळं होतं.

"ही चीर आधीची, ही नंतरची. कशावरून? नंतरची आधीच्या चिरेपाशी येऊन अडते, ओलांडत नाही. नव्या सुनेसारखी. दाढेत हेच, डांबरात हेच, पावात हेच. कुठली चीर आधीची ते कळलं, की कुठून तुटायला लागलं तेही कळतं."

अध्यक्ष खुर्चीतून उठून बघायला आले. जेवणाचा बेत काढणाऱ्यांनी स्वतःचा कप उलटा करून पाहिला आणि राहिलेला चहा मांडीवर घेतला.

तेवढ्यात समितीवर बाहेरून बोलावलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "दाढेच्या चिरांवरचा तो लेख तुमचा? अहो, मी माझ्या दोन लेखांत त्याचा दाखला दिलाय. मला वाटायचं, कुणी आमच्यातलेच असतील."

"दाढ माझी होती," मावशी म्हणाली. "तेवढ्यापुरती मी तुमच्यातलीच."

आठवड्याने पत्र आलं. पद मिळालं, खोली वाचली, चटयांना दुसरा जिना शोधावा लागला. भाच्याने कान पकडून पान दुरुस्त केलं. आकडा धाडकन खाली आला, पण मावशीला आकडा दिसतच नव्हता. आपले दाखले कुणी कुणी दिलेत ते ती पहिल्यांदाच वाचत होती आणि दर ओळीला भाच्याच्या पाठीत धपाटा घालत होती.

"अरे, हे बघ, कुंभारकामवाले. हे विमानाच्या रंगाचे. आणि हा तर मगरीच्या कातडीवर लिहितोय. मगरीच्या! काकांना हाक मार, त्यांचा पाव मगरीपर्यंत पोचला म्हणावं."

अध्यक्षांचा कप मात्र त्या दिवशी बोलता बोलता मावशीच्या पर्समध्ये गेला, तो गेलाच. दोनदा निरोप आला. साहेब बिचारे कागदी पेल्यातून चहा पितात म्हणे.

"देऊन टाक ना आता," भाचा म्हणाला.

"देते रे." मावशीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. "ही एक चीर दुसरीला ओलांडून सरळ पुढे गेलीय. का, ते कळू दे, मग देते."