नवसाचा कोंबडा आणि खोटा चोर

कळव्याच्या मनुबाईला भांडणात कुणी हरवलं नव्हतं. तरणपण मिठागरावर गेलं, नवरा लवकर गेला, पण आवाज तसाच राहिला, थेट खाडीपल्याड जाणारा. कोंबड्यांना ती सुनेपेक्षा जास्त शिव्या द्यायची, म्हणजे जीवही तेवढाच लावायची.

सून जयाचं पहिलं बाळंतपण फुकट गेलेलं. दुसऱ्या वेळी मनुबाईनं गावदेवीला तांबडा कोंबडा बोलला. पोरगी झाली, धडधाकट. आता जत्रेपर्यंत कोंबडा धड राहिला की मनुबाई नवसातून सुटली.

तेवढ्यात खाडीपल्याड माजिवड्यात मानमोडी आली. कोंबडी पेंगते, हिरवं हगते, मान पिळवटते आणि संपते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर चित्रा थर्मास घेऊन कळव्यात हजर झाल्या.

"चाय आनलीस काय, डाक्तरीनबाय?"

"लस आहे, मनुबाई. बर्फात ठेवावी लागते. कोंबड्या धरा."

कोंबड्यांना सुया टोचून झाल्या. मनुबाई मात्र एका पालथ्या टोपलीवर मांडी ठोकून बसलेली. टोपलीखालून बांग आली.

"याला नाय. नवसाचा हाय. सुई टोचली तं खोड झाली. खोडीचा कोंबरा देवीला चालंल?"

"बरं, सुई राहिली. डोळ्यात थेंब टाकते."

"कसला थेंब?"

"रोगाचाच, पण दमवलेला. अंगातले राखणदार त्याचं तोंड ओळखून ठेवतात. मग खरा आला की दारातच हाणतात."

"मंजे खोटा चोर सोरून गुरख्याला जागा करायचा!"

"अगदी. पण गुरखा जागा व्हायला दोन आठवडे जातील. तोवर बाहेरची कोंबडी घरात नको."

दोन दिवसांनी मनुबाई तणतणत दवाखान्यात. "तुजा चोर शिंकवतोय माज्या कोंबऱ्याला!"

"शिंकू दे. गुरखा काठी आपटतोय."

कोंबडा सैपाकघरात कोंडला गेला. आणि नेमकी विहीण तुळसा माजिवड्याहून आली, काखेत गावठी कोंबडी घेऊन. मनुबाई झाडू घेऊन दारात आडवी.

"तुमी आत या, विहीनबाय. कोंबरी नाय."

"बालंतनीला रस्सा द्यावा म्हनून आनली! तुमच्या कोंबऱ्यापायी माजी कोंबरी उंबऱ्याभायेर?"

"देवीचं देनं हाय."

"मंग नातीला भेटायला देवीलाच बोलवा!"

तुळसा पाणीही न घेता गेली. जया रडली. मनुबाई पोराशी, सुनेशी, शेवटी कोंबड्याशी भांडली. एवढं करून तो मेला असता, तर नवसही गेला असता आणि सोयरीकही.

पण कळव्यातल्या बिनलशीच्या कोंबड्या माना टाकत असताना हा शिंका आवरून चुलीवर चढायला लागला.

जत्रेच्या सकाळी तुळसा पुन्हा दारात. हात रिकामे, तोंड उतरलेलं.

"ती कोंबरी त्याच राती मान मोरून परली. माजा कोंबराबी गेला. मीपन नवस बोललेला, विहीनबाय. ह्याच पोरीसाठी."

मनुबाई दारातून बाजूला झाली. तिनं आधी पाणी दिलं. मग कोंबडा उचलून तुळसाच्या काखेत कोंबला.

"पोर एक, आज्या दोन. दोगींचा मिलून ह्योच. पन देवीसमोर नाव आदी माजं."

"का? लेक माजी हाय!"

"थेंब कोनी घातला?"

"त्या डाक्तरनीनं!"

देवळापर्यंत भांडण पुरलं. तुळसाच्या काखेतला कोंबडा मान ताठ ठेवून दोघींकडे आळीपाळीनं बघत होता.