मुकुंदच्या नियमातील दोषाबाबत

दिवंगताचे नाव डॉ. मुकुंद दामोदर घारपुरे, मूळचे धारचे, अखेरचा मुक्काम देवास. व्यवसाय संगणकशास्त्राचे अध्यापन व संशोधन. निवेदन करणारा मी, त्याचा थोरला मामेभाऊ, देवासच्या कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. साक्षीदार दोन : माझी भावजय, म्हणजे मुकुंदची पत्नी श्रीमती नलिनी, आणि मुकुंदची संशोधक विद्यार्थिनी अनिता पटेल, राहणार टोंकखुर्द. घटना गेल्या चैत्रातली. दुपारचा वर्ग आटोपून मुकुंद जिना उतरत होता, मध्येच पायरीवर बसला, तो पुन्हा उठला नाही. माझी तक्रार मृत्यूविरुद्ध नाही. तिथे अर्ज घेणारी खिडकी नसते. तक्रार त्यानंतरची आहे. अनिताचा प्रबंध लिहून तयार आहे. त्यातील एक प्रकरण खुद्द मुकुंदच्या नावाजलेल्या नियमातला दोष दाखवते. सरांच्या पश्चात हे शोभत नाही, घरच्यांना वाईट वाटेल, सबब ते प्रकरण काढून टाकावे, असे तिला कॉलेजात सुचवण्यात आले आहे. घरातला वडीलधारा मी आहे. मला कोणी विचारलेले नाही. म्हणून हे लिहिणे प्राप्त झाले.

माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले हे खरे. तथापि सोनकच्छपासून कुक्षीपर्यंतचे पक्षकार माझ्या मसुद्यासाठी येतात, आणि मुकुंदचे काम काय होते हे देवासात माझ्याइतके नीट सांगणारा दुसरा नसावा, असे मी जबाबदारीने म्हणतो. त्याची सुरुवात मी डोळ्यांनी पाहिली आहे. धारला आमच्या गल्लीत एकच सार्वजनिक नळ होता आणि रोजची भांडणे होती. शाळकरी मुकुंदने एके सकाळी नियम लावून दिला की लहान भांडे आधी भरायचे. तांबे, कळश्या भराभर निघाल्या, गल्ली खूश झाली. पण हलवायाच्या बायकोचे पिंप मोठे. ती मागे सरकतच राहिली, कारण दर वेळी कोणीतरी नवा तांब्या घेऊन पुढे यायचा. शेवटी ती कडाडली, "क्यों रे मुकुंद्या, म्हारो नंबर कदी आवेगो? नल सूखी जावेगो जद?" गल्ली हसली. मुकुंद मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नियमात दुरुस्ती केली : जो जितका जास्त थांबेल, तितका त्याचा मान वाढत जाईल. हलवाईणीने त्याला जिलबी दिली. अर्धी मी खाल्ली.

पुढे तो इंदूरला शिकला, मग बाहेर शिकला, आणि सर्वांना वाटले होते तसा तिकडेच न राहता देवासला नोकरीस आला. पोह्यांच्या दुकानावर मी त्याला म्हटले, "ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, ते मला कचेरीच्या भाषेत सांग."

"दादा, कॉम्प्युटरमधला बाबू. कोणाची फाइल आधी, कोणाची मागून, हे तो ठरवतो. फक्त चहापाणी मागत नाही."

"मग तो बाबू कसला!"

तो इतका हसला की पोह्यांवरची शेव अंगावर सांडली... मग त्याने समजावून सांगितले. छोट्या गावात इंटरनेटची लाइन बारीक, पाठवणारे पुष्कळ. छोटे निरोप सटकन निघून जातात. दवाखान्याचा मोठा एक्सरे मागे कुजत राहतो. थांबलेल्याचा मान वाढवत नेण्याचा त्याचा विचार त्याने या लाइनीला लावला, गणिताने सिद्ध केला आणि परदेशातील विद्वानांच्या सभेत मांडला. ती बातमी मी कचेरीत प्रत्येक टेबलावर पोहोचवली. एक वकील म्हणाला, "भिया, भाई इतना बड़ा है तो मेरा लैपटॉप ठीक करा दो, बहुत धीमा चलता है." मी रागावलो. मुकुंदने खरोखरच तो लॅपटॉप मागवून घेतला आणि ठीक करून परत पाठवला.

आमची शेवटची भेट त्याच्या घरची, एका रविवारची. अनिता टोंकखुर्दच्या बसने आली ती पाणीही न पिता म्हणाली, "सर, आपका नियम टूट रहा है." जिथे लाइन वारंवार तुटते तिथे मोठी फाइल दर वेळी पहिल्यापासून सुरू होते, पण थांबून थांबून तिचा मान वाढलेला, त्यामुळे लाइन पुन्हा तिलाच मिळते, आणि बाकी सगळे निरोप खोळंबतात. मी मध्ये पडलो, "बाई, आप किसके सामने बोल रही हैं, कुछ खयाल है?"

"दादा, तुम्ही थांबा जरा," मुकुंद म्हणाला. त्याने बराच वेळ पडद्यावरचे आकडे वरखाली केले. मग स्वतःच्या खुर्चीतून उठला, अनिताला तिथे बसवले आणि आत हाक मारली, "नलिनी, शिरा कर. माझा नियम मोडला!"

"नियम मोडल्याचा शिरा?" आतून उत्तर आले. "मग बदाम घालू की नुसताच?"

"घाल, घाल!" इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर परदेशी सन्मानाच्या वेळीही पाहिला नव्हता. नलिनी दारात आली, तिच्यादेखत तो अनिताला म्हणाला, "इस पर पूरा चैप्टर लिखो. और साफ लिखना कि घारपुरे का नियम यहाँ फेल होता है. 'कुछ विद्वानों का मत' वगैरा मत लिखना." हे शब्द माझ्या व नलिनीच्या समक्ष उच्चारले गेले. आम्ही दोघेही कोठेही येऊन सांगण्यास तयार आहोत.

परवा त्याच्या कॉलेजातल्या खोलीत गेलो होतो. टेबलावर हार घातलेली तसबीर होती आणि तिच्यामागे अनिता स्टुलावर बसून काम करीत होती. लाइन मुद्दाम तोडायची, पुन्हा जोडायची, आणि तिचा सुधारलेला नियम टिकतो का ते पाहायचे. टिकत होता. मला त्यातली अक्षरे कळली नाहीत, पण तिचा चेहरा कळला.

सबब संबंधितांस विनंती की, सदर प्रकरण एकही ओळ न गाळता प्रबंधात ठेवावे, दोष ज्याच्या नियमातला आहे त्याचे नाव त्यात पूर्ण छापावे, आणि निर्णयाचे लेखी उत्तर अनिता पटेल हिला द्यावे. अशा ठिकाणी घरच्यांनी 'हरकत नाही' असे लिहून देण्याची रीत आहे. तेवढ्याने माझे समाधान होत नाही. आमच्या घराला या प्रकरणाचा अभिमान आहे, असे नमूद करून घ्यावे.