नलिनीच्या नावावरची चूक

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. बायकोला नलिनी हे नावही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीटसं कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. किनाऱ्यालगतच्या विहिरी खारट का होतात, ते आम्ही शोधत होतो. पाण्यातले समस्थानिक – एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू – मोजले, की विहिरीत पावसाचं पाणी किती आणि समुद्राचं किती, ते कळतं. कॉम्प्युटर नवाच आला होता. नमुन्यांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. काय तोरा होता माझा! चपला काढल्याशिवाय कुणाला त्या खोलीत पाऊल टाकू देत नसे.

नलिनी शिरगावची. कोळ्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. बाटल्यांना क्रमांक लावून त्या ओळीने यंत्रापाशी मांडायचं काम तिचं. नोकरी हंगामी, कायम होईल या आशेवर होती. येताना कधी डब्यात आमच्यासाठी – नाही, हे कशाला? मी लांबवतोय.

तर, नमुन्यांच्या एका खेपेचे निष्कर्ष भलतेच आले. डोंगराकडच्या विहिरीत समुद्र, आणि माकुणसारच्या खाडीकाठी निव्वळ पाऊस! बाहेरून आलेल्या तज्ज्ञांसमोर आमचं हसं झालं. साहेबांनी नलिनीला धारेवर धरलं.

"नाय साहेब, मी नीट लावलेल्या बाटल्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, चाचरत, "सर, कॉम्प्युटरमदी तर काय झालं नसेल ना?"

"कॉम्प्युटर चुकत नाही," मी म्हणालो. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं. तेवढ्यापुरता मी खोटा नव्हतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी प्रोग्रॅम उघडला. एक बाटली फुटली होती, तिची नोंद मीच पुसली होती. पुसल्याबरोबर खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली होती – निष्कर्ष मात्र जागच्या जागी. म्हणजे एका विहिरीचं पाणी दुसरीच्या नावावर. माझी चूक. मी ती गुपचूप दुरुस्त केली.

नलिनी तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. निर्णय व्हायचा होता. मला फक्त दार उघडायचं होतं. का नाही उघडलं? भीती? अब्रू? संध्याकाळी तिला काढून टाकलं. पुढच्या खेपेचे निष्कर्ष चोख आले, आणि साहेब म्हणाले, "बघ, ती गेली नि सगळं सुरळीत झालं." मी मान डोलावली.

बऱ्याच वर्षांनी ती बोईसरच्या बाजारात भेटली. तिनेच हाक मारली. औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी चालून आली होती म्हणाली. "नाय गेले. पुन्ना चुकले तर? औषधं ती – कुणाच्या जिवावर बेतायचं." घरी पोरीला ताप आला तरी औषध नवराच मोजून देतो, हे तिने हसत सांगितलं. मग हसू थांबलं.

"लई आठवून बघितलं, सर. मीच बदलल्या असणार ना बाटल्या?"

आजूबाजूला गर्दी होती, पण आमचं ऐकणारं कुणी नव्हतं. साहेबही केव्हाच निवृत्त झाले होते. आता मला कुणाची भीती होती?

"जाऊ दे नलिनी," मी म्हणालो. "होते चूक माणसाकडून."

तिचे डोळे भरून आले. तिने मला हात जोडले.